संयम वगळून

फुकट आहे म्हटल्यावर सतीश खराडेंनी यादीतलं सगळंच घालायला सांगितलं.

"सगळं घाला मॅडम. मागनं एखादं राहिलं असं व्हायला नको. आणि दादाला थोडं इंग्रजी पण घाला."

"आधी येत होतं का त्यांना इंग्रजी?" अर्शिया मुल्लानं विचारलं.

"येत नव्हतं, म्हणूनच म्हटलं."

मिरजेच्या एका रुग्णालयात अर्शिया सेतू-तंत्रज्ञ होती आणि असल्या बैठकांना सरावलेली होती. तिच्या खोलीत येणारं प्रत्येक घर लग्नाच्या आचाऱ्यासमोर बसावं तसं बसायचं. जिलबी ठेवा, बासुंदी पण ठेवा, लोक खावोत न खावोत. खिडकीजवळच्या खुर्चीतली बाई मात्र अजून काही बोलली नव्हती. ती वृषाली, सतीशची वहिनी. जिच्या नवऱ्यासाठी ही यादी उघडली होती, तीच तेवढी गप्प होती.

नवरा, म्हणजे उमेश खराडे, पलीकडच्या खोलीत पडून होता. पगाराला तो दूध संघात पर्यवेक्षक, पण जिल्ह्याला त्याची ओळख कुस्त्यांचा निवेदक म्हणून. जत्रेच्या मैदानात माइक हातात आला की पैलवानापासून वस्तादापर्यंत तो सगळ्यांची फिरकी घ्यायचा, आणि ज्याची घेतली तोच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मग एका सकाळी दाढी करताना मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि त्या सगळ्या बोलण्यातून एकच शब्द शिल्लक राहिला. तो म्हणजे 'तसंच'. पाणी हवं असलं तरी तसंच, नको असलं तरी तसंच.

सेतू अशा माणसांसाठी होता. नखाएवढी चकती आणि तिच्याभोवती साबुदाण्याच्या पापडाहून पातळ जाळी. मेंदूचा जो तुकडा मेला त्यावर ती पसरायची. काठावरच्या जिवंत पेशी काय सांगताहेत ते जाळी ऐकायची आणि मेलेल्या भागानं जो निरोप पलीकडे द्यायचा तो स्वतः द्यायची. चकतीवर चालायची ती लिनक्सच, साध्या संगणकांवरची फुकट, खुली प्रणाली, पार हाडापर्यंत छाटलेली. पूर्वी सेतू बनवणाऱ्या कंपन्या आपापली कुलूपबंद प्रणाली घालायच्या. त्यातल्या काही बुडाल्या आणि माणसांच्या डोक्यात बेवारस यंत्रं राहिली, दुरुस्तीला कोणी वाली नाही. तेव्हा कायदा झाला, की माणसाच्या शरीरात जे चालेल ते कोणालाही उघडून वाचता आलं पाहिजे. म्हणून सेतूत घालायची पॅकेजं, म्हणजे एकेका कौशल्याचे कार्यक्रम, फुकट होती आणि जगभरच्या लोकांनी मिळून केलेली होती. हजारो निरोगी मेंदूंचे नमुने घेऊन एकेका कौशल्याचा सांगाडा तयार केलेला असायचा. त्या सांगाड्यावर मांस चढवायचं काम रुग्णाच्या मेंदूचं, आणि ते सरावानंच व्हायचं.

"सगळं घालता येत नाही," अर्शिया सतीशला म्हणाली. "जागेचा प्रश्न नाही, चकती तापते. मेंदूत एकाच ठिकाणी अंशभर उष्णता वाढली तरी पेशी मरायला लागतात. चार-पाच पॅकेजं, त्याच्या वर नाही. आणि एक पॅकेज दुसऱ्याच्या जिवावर चालतं. पुरणपोळी हवी म्हणालात तर पुरण लागणार, पुरणाला डाळ लागणार. तुम्ही पोळीवर खूण केली की डाळ आपोआप आत येते."

"येऊ दे की डाळ," सतीश म्हणाला.

पडद्यावर पाच नावांपुढे आधीच खुणा होत्या. पाया, चाल, वाचा, उजवा हात, संयम. वृषाली खुर्ची ओढून पुढे आली आणि पहिल्यांदाच बोलली.

"संयमावर खूण कोणी केली?"

"ती असतेच, मॅडम. उजवा हात घेतला की संयम येतो, हात त्याच्यावर उभा आहे." अर्शियानं स्वतःचा हात टेबलावरच्या पेल्याकडे नेला. "पेला उचलायचं म्हटलं की मेंदू आत दहा हालचाली सुरू करतो आणि त्यातल्या नऊ थोपवतो. थोपवणारा भाग गेला की हात पेला उचलत नाही, फोडतो. यांचा तो भाग अर्धा गेलाय. संयमाचं पॅकेज तिथे एक दार बसवतं. आतून आलेली प्रत्येक ऊर्मी त्या दाराशी जरा थांबते, मग बाहेर जाते. बहुतेक दाराशीच विझतात."

"दार फक्त हाताला?"

"सगळ्याला एकच. हात, बोलणं, राग. घरचे खूश असतात, मॅडम. राग येतो, पण बाहेर पडायच्या आत मावळतो."

"आणि थट्टा?"

अर्शियानं पडद्यावरून नजर काढली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

"थट्टाही त्याच दारानं बाहेर येते. बोलतील ते व्यवस्थित, पण विचार करून. पट्कन सुचून पट्कन बोलणं राहत नाही."

"संयम काढला तर?"

"तर हातही निघतो. वाचा राहते, ती स्वतंत्र आहे. पण हात कोणी सोडत नाही."

"राहू दे वहिनी," सतीश म्हणाला. "हात मिळतोय. आणि तुमचंबी भलंच आहे त्यात." एवढं बोलून त्यानं फरशीकडे बघितलं. भावाच्या घरात काय चालतं ते त्याला माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यावर बोलायची रीत तेवढी नव्हती.

उमेशनं बायकोवर कधी हात टाकला नाही. हे वाक्य वृषालीच्या माहेरी तिच्या सुखाचा पुरावा म्हणून सांगितलं जायचं. त्याचं सगळं तोंडात होतं. आमटीत मीठ जास्त पडलं, गाडीची किल्ली जागेवर नसली, की घर डोक्यावर घ्यायचा. तिच्या शिकण्यावरून, तिच्या माहेरावरून, शेजारी ऐकतील अशा आवाजात. घटकाभरानं तोच माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्या रुसण्याचं मैदानातल्यासारखं निवेदन करायचा. खराडे वहिनींनी पाठ फिरवली आहे, मंडळी, पट काढणं अवघड दिसतंय. आणि ती हसायची. न हसायचं ठरवूनही हसायची आणि मग स्वतःचाच राग यायचा. तिला नवऱ्याची भीती वाटायची आणि तिचं त्याच्यावर प्रेम होतं. या दोन्ही गोष्टी एका घरात इतकी वर्षं नांदल्या होत्या, की कुठली आधी आली ते आता तिलाही सांगता आलं नसतं.

मुलगी केतकी पुण्याहून आली होती. व्हरांड्यात आईला एकटं गाठून तिनं सरळ विषय काढला.

"आई, ती खूण राहू दे."

"बाबा बाबांसारखे राहणार नाहीत गं."

"बरंच आहे की. त्यांना हात मिळेल, आणि तू सुखानं जेवशील."

पोरगी घरातून जितकी लांब जाते तितकं तिला घर स्पष्ट दिसतं, असं वृषालीला वाटलं.

आता वृषालीची एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे घडलं. तासगावच्या एका शाळेत ती संगणक शिकवायची. शाळेला यंत्रं मिळायची ती कुठल्यातरी कचेरीतून उतरवलेली, म्हातारी. ती त्यांवर लिनक्स घालायची आणि मुलांकडूनही घालून घ्यायची. पॅकेजांची यादी समोर आली की मुलं सतीशभाऊजींसारखीच वागायची. सगळे खेळ, चित्रांचे चार कार्यक्रम, तीन गणकयंत्रं. मग ते यंत्र सुरू व्हायलाच इतका वेळ लावायचं की तास संपायचा. वृषालीबाईंचा नियम ठरलेला होता. आधी नुसता पाया घाला. यंत्र उभं राहू दे. मग जो त्याच्यावर बसणार आहे त्याला विचारा, तुला काय पाहिजे. त्यानं मागितलं तेवढंच घाला. आपल्याला आवडतं म्हणून दुसऱ्याच्या यंत्रात काही घालायचं नाही. या नियमानं शाळेत कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं, कारण राहिलेलं पॅकेज तिथे दुसऱ्या दिवशी घालता येत होतं.

ती उमेशच्या खाटेशी जाऊन बसली.

"संयम घालू का?"

"तसंच," उमेशनं मान डोलावली.

"का नको घालू?"

"तसंच." मान तेवढीच डोलली.

"तुम्ही तासगावचे गणपती आहात का?"

"तसंच," तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू फुटलं आणि त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. तो डोळे मोठे करून तिच्याकडे बघत राहिला. आत कोणीतरी होतं आणि त्याला बाहेरचं बरंचसं कळत होतं, एवढं नक्की.

दुपारी तिनं अर्शियाला निर्णय सांगितला. पाया, चाल आणि वाचा. उजवा हात आणि संयम तूर्त नको. ते बोलायला लागले की मी त्यांना विचारीन आणि ते म्हणतील तसं करू.

"मॅडम, झटक्यानंतर थोडेच आठवडे मेंदू नवीन काही धरायला तयार असतो. संयमाचं दार नंतरही बसवता येईल, ते साधं आहे. हात नाही बसणार. वाचा वेळेत आली तर जमेल."

"वेळेत येते ना?"

"बहुतेकांना येते."

शाळेतली यंत्रं एका साच्याची होती, एकाला जेवढा वेळ तेवढाच दुसऱ्याला. वृषालीनं 'बहुतेकांना' हा शब्द ऐकला आणि सोडून दिला. चूक झाली ती इथेच.

सेतू बसला. पाया पहिल्याच आठवड्यात रुळला, उमेश न ठसकता पाणी प्यायला लागला. मग काठी टेकत व्हरांड्यात चालू लागला. त्याला घरी आणलं. वाचा काही येईना. वृषाली रोज सकाळी चमचा, वाटी, किल्ली समोर मांडून बसायची आणि तो सगळ्याला तसंच म्हणायचा. चिडायचाही त्याच शब्दात. डाव्या हातानं वाटी भिरकावली तेव्हाही तोंडातून 'तसंच'च आलं. ती वाटी उचलायला निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण भिंतीला टेकून उभ्या आहोत.

अर्शियाचा फोन आला. "अजून हात घालता येईल मॅडम, संयमासकट. पण याच आठवड्यात. वाचेची वाट बघत बसलात तर हात जाईल."

सतीश मोटार घेऊन दारात आला. "वहिनी, माणसाचा हात चाललाय आणि तुम्ही परवानगी कसली मागताय? हा लई झाला शहाणपणा. चला."

ती साडी बदलून तयार झाली, उमेशला धरून गाडीपर्यंत आणलं, दार उघडलं. आणि तिथेच थांबली. नवऱ्याच्या हातासाठी मी हे करते आहे, असं तिनं कोणालाही पटवलं असतं. सतीशला, केतकीला, कायद्याला. कोणी एक शब्द बोललं नसतं. पण काल रात्री तिला जे स्वप्न पडलं होतं त्यात हात नव्हताच. त्यात ती दोघं जेवत होती, आमटी खारट झाली होती, आणि घरात शांतता होती. तिला ते इतकं हवं होतं की तिची तिलाच धास्ती वाटली. ज्या गोष्टीचा आपल्याला एवढा लोभ आहे ती त्या माणसाला न विचारता त्याच्या डोक्यात घालायची, हे तिच्यानं होईना.

"भाऊजी, नको," ती म्हणाली. सतीशनं गाडीचं दार आपटलं आणि निघून गेला. पुढे बरेच दिवस तो आला नाही.

वाचा आली तेव्हा तो आठवडा मागे पडून गेला होता. उमेश फोनवर कुठल्यातरी मैदानातल्या कुस्त्या बघत होता. निवेदक नवखा होता, पैलवानांची नुसती गावं वाचत सुटला होता. स्वयंपाकघरात वृषालीला आवाज ऐकू आला.

"ह्याला... माइक... कुणी दिला?"

ती धावत बाहेर आली. पीठ लागलेले हात तसेच. उमेश स्वतःच दचकून बसला होता. मग त्यानं पुन्हा, जरा तोतरं, तेच म्हटलं आणि पुढे जोडलं, "तलाठी हाय काय ह्यो?" दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यानंतर बांध फुटल्यासारखं बोलणं आलं. आठ-पंधरा दिवसांत तो दूधवाल्याची फिरकी घेऊ लागला, केतकीला फोनवर छळू लागला. चहा गार झाला म्हणून ओरडलाही. संयमाचं दार नसलेलं ते ओरडणं पूर्वीपेक्षा धारदार होतं. सुरू झालं की थांबता थांबत नव्हतं, आणि थांबल्यावर त्याचं त्यालाही नवल वाटायचं. वृषालीनं तरी त्याला हाताचं आणि संयमाचं काही सांगितलं नाही. अर्शियासमोर सांगू, असं ती स्वतःला बजावत राहिली.

अर्शियाकडे जायचा दिवस आला. अर्शियानं उमेशला सगळं उलगडून सांगितलं. संयम म्हणजे काय, तो का घातला नाही, आता घालायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानं मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"म्हणजे हात येणार हुता?"

"येण्याची शक्यता चांगली होती," अर्शिया म्हणाली. "आता नाही."

"आणि न्हाई का घातला?"

"मी नको म्हटलं," वृषाली म्हणाली. "तुम्हाला विचारून घालायचं होतं."

मग जे सुरू झालं ते बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं. "कुणी सांगितलं हुतं विचारायला? नवरा लुळा होऊन पडलाय आणि ही बाई परवानगी मागत बसली. आयुष्यभर पोरांना बटणं दाबायला शिकवलीस आणि एक बटण दाबायचं झालं न्हाई तुझ्याच्यानं? आता जेवू घाल मला. पँटचं बटण लाव. माइक धरतो मी डाव्या हातानं, आणि टाळी कुठल्या हातानं वाजवू, सांग." तो म्हणत होता त्यातलं पुष्कळसं खरं होतं. तो दम घ्यायला थांबला तेव्हा वृषाली बोलली.

"बटण दाबलं असतं तर आज तुम्हाला असं ओरडता आलं नसतं. तेच मला हवं होतं. तुमच्या हाताचं मी सगळ्यांना सांगितलं असतं, पण हवं होतं ते मला, माझ्यासाठी. म्हणून दाबलं नाही. हात गेला त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण चोरून तुम्हाला गरीब गाय करून घरी नेलं असतं तर मी तुमच्या तोंडाकडे बघू शकले नसते."

अर्शियानं यादी पुन्हा पडद्यावर उघडली.

"काका, संयम घालायचा का?"

"नको," तो म्हणाला. "मला माझं तोंड पाहिजे. हात गेलाच, आता तोंड तरी राहू दे."

तो हो म्हणेल, अशी आशा आपण इतके दिवस धरून होतो, हे वृषालीला त्या क्षणी कळलं. पण प्रश्न खरा होता, तर उत्तरही खरंच येणार. तिनं मान हलवली.

अर्शियानं ते नोंदवलं आणि खुर्ची वृषालीकडे वळवली.

"मॅडम, संयम वगळून घरी सोडताना सोबत राहणाऱ्यालाही विचारावं लागतं. यांचा राग आवरणारं आत काही नसेल, तो वाढतही जाईल. हे माहीत असून तुम्ही सोबत राहायला तयार आहात का? नाही म्हणालात तरी चालतं. यांची दुसरी सोय होते, तुम्हाला कोणी जाब विचारत नाही."

"त्यात काय विचारायचं?" उमेश म्हणाला. "ऱ्हाणारच की ती."

"मी मॅडमना विचारलं, काका."

वृषालीला पहिल्यांदा प्रश्नच नीट कळला नाही. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी मुलगा बघून होकार कळवला होता. नोकरी सोडायची, हे सासूनं ठरवलं आणि नाही सोडायची, हे घराच्या खर्चानं ठरवलं. दुसऱ्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम तिनं एवढा पाळला, आणि तो आपल्यालाही लागू होतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता एक परकी पोरगी समोर बसून उत्तराची वाट बघत होती. हो म्हटलं तरी चालणार होतं, नाही म्हटलं तरी चालणार होतं.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती, ओठ हलत होते. ही शीर तिच्या ओळखीची होती, पण त्याच्या डोळ्यांतली भीती ती प्रथमच पाहत होती.

"मी जरा चहा पिऊन येते," वृषाली म्हणाली. "मग सांगते."

तिनं पर्स घेतली आणि बाहेर पडली. दार लोटताना सवयीनं तिचे कान मागे राहिले. आतून काही आवाज आला नाही.

उपाहारगृहात खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिनं चहा मागवला, बशीत ओतला आणि फुंकर घातली. चहा फार गरम होता. तिनं तो निवू दिला. घाई तिला नव्हती. असलीच तर ती वर, त्या खोलीत बसलेल्या माणसाला होती, आणि तो थांबला होता.